शेवभाजी (खानदेशी)

शेवभाजी : बेसनाची जाड, तिखट शेव काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्शात घालून केलेले खानदेशी कालवण. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत ते घरोघरी होते. अहिराणीत त्याला ‘शेवनी भाजी’ म्हणतात. नावात भाजी असली तरी त्यात भाजीपाला नसतो. उन्हाळ्यात बाजारात धड भाजी मिळेना किंवा रात्री अवचित पाहुणे आले, की डब्यातली शेव आणि वर्षाचा मसाला यांवर वेळ निभावते. हाच रस्सा कोंबडीला आणि मटणालाही चालतो. त्यामुळे श्रावणात सामिष बंद असलेल्या घरांत चमचमीत खाण्याची हौस बहुधा शेवभाजीवरच भागवली जाते.

पदार्थाचा जीव रश्शात आहे. चार माणसांसाठी दोन-तीन कांदे आणि अर्धी वाटी सुके खोबरे लागते. कांदे सालासकट विस्तवावर किंवा गॅसच्या जाळीवर, वरची साल काळी पडून आतला गर मऊ होईपर्यंत भाजतात. खोबऱ्याची वाटीही थेट आचेवर धरतात; ती पेट घेते, तेव्हा फुंकर मारून विझवायची. करपलेला भाग थोडा खरवडून टाकावा, सगळा नव्हे, कारण रश्शाचा काळपट रंग आणि धुरकट वास त्यातूनच येतो. तेलात परतलेल्या कांद्या-खोबऱ्याला ही चव येत नाही. पुढे दहा-बारा लसूणपाकळ्या, आल्याचा तुकडा आणि काड्यांसह कोथिंबीर घालून वाटण गंधासारखे बारीक करतात. पूर्वी हे पाट्यावर होई, आता मिक्सरवर होते. खोबऱ्याची कचकच मात्र राहता कामा नये.

काळा मसाला उन्हाळ्यातच वर्षभराचा करून ठेवतात. धने, सुके खोबरे, लवंग, मिरे, दालचिनी, तमालपत्र, दगडफूल आणि सुक्या मिरच्या वेगवेगळ्या भाजून एकत्र कुटतात. प्रमाण घरागणिक बदलते आणि प्रत्येक घराला आपलेच बरोबर वाटते.

कढईत चार-पाच मोठे चमचे तेल तापवून वाटण मंद आचेवर परततात. कडेने तेल सुटेपर्यंत हात थांबवायचा नाही. घाई केली तर कांदा कच्चा लागतो. मग हळद, लाल तिखट आणि दोन चमचे काळा मसाला घालून लगेच सव्वा लिटरभर कढत पाणी ओततात. गार पाणी घातले तर तर्री नीट येत नाही, असे जाणत्या बायका सांगतात. शेवेत मीठ असतेच, म्हणून रश्शात ते बेतानेच घालावे. दहा मिनिटे उकळल्यावर वर लाल तेलाचा थर दिसू लागतो.

शेव अगदी शेवटी, ताटे मांडल्यावर घालतात. एवढ्या रश्शाला पाव किलो पुरते. ती बारीक फरसाणातली नव्हे. बेसनात तिखट, ओवा, हळद आणि तेलाचे मोहन घालून पीठ घट्ट मळतात आणि सोऱ्याच्या जाड ताटलीतून ते कढत तेलात पाडतात. सोडा जास्त पडला तर शेव रश्शात विरघळून पिठले होते. दुकानात ‘भाजीची शेव’ म्हटले की नेमकी हीच मिळते. चांगली शेव बाहेरून मऊ होते, पण आत किंचित दाताखाली येते. काही घरांत ती रश्शात मिनिटभर उकळतात, मात्र ताटात वाढून वरून रस्सा ओतणे अधिक भरवशाचे.

सोबत ज्वारीची, बाजरीची किंवा कळण्याची (ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची) भाकरी, कच्चा कांदा आणि लिंबू. भाकरी कुस्करून रश्शात कालवणाऱ्यांना शेव जरा उशिराच वाढावी.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्याहून जातात. त्यांवरच्या ढाब्यांनी शेवभाजी परगावच्या लोकांपर्यंत नेली. पुण्या-नाशिकच्या ‘खानदेशी’ पाट्यांच्या खानावळींत ती आज हमखास असते. ढाब्यांवर रश्शात टोमॅटो पडतो, कुठे चीजही किसतात. टोमॅटो एक वेळ खपून जातो. चीज मात्र मसाल्याची धारच मारते.

शेवभाजीला मिसळीची बहीण मानणे बरोबर नाही. मिसळीत मोड आलेली मटकी हवी आणि ती पावाशी खायची, न्याहारीची. शेवभाजी जेवणाची आहे. नवापूरच्या पलीकडे गुजरातेत होणारे सेव-टमेटानु शाकही वेगळे: तिथे आधार टोमॅटोचा आणि चव आंबटगोड, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण त्यात नसते.

उरलेल्या भाजीतली शेव रात्रभरात रस्सा पिऊन फुगते. म्हणून जाणते लोक रस्सा वेगळा काढून ठेवतात आणि सकाळी गरम करून त्यात नवी शेव घालतात.