मेणाची झडप

नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) जवळ आला की नागपुरात एक सल्ला फुकट मिळतो: ‘थर्मोस्टॅट काढून टाका, इंजिन थंड राहील.’ थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावरच कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) रेडिएटरकडे सोडणारी झडप. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, त्याच जातकुळीतला हा सल्ला. बाहेर ४६ अंश असोत, इंजिनाला ९० च्या आसपासच राहायचं असतं. त्याच्या हिशेबात आपलं ऊन गारच!

साध्या थर्मोस्टॅटला वायर नसते. त्याच्या पितळी डबीत मेण ठासलेलं असतं. मेणातून उष्णता हळू सरकते, म्हणून त्यात तांब्याची पूड मिसळतात. बर्फ वितळताना आकसतो, मेण मात्र फुगतं. ८२ किंवा ८८ अंशांना (आकडा बहुधा अंगावर कोरलेला असतो) ते वितळू लागतं आणि मधल्या पिनेला बाहेर रेटतं. पिन चौकटीला टेकलेली, त्यामुळे डबीच मागे सरकते आणि स्प्रिंग दाबून झडप उघडते. कूलंट निवलं की स्प्रिंग झडप पुन्हा बंद करते.

बऱ्याच इंजिनांत डबीच्या बुडाशी दुसरी चकती असते. मुख्य झडप उघडताना ती बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून जाणाऱ्या वाटेचं, तोंड बंद करत जाते. थर्मोस्टॅटच काढला, तर बायपास कायम उघडा! गरम कूलंटचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात शिरतो आणि घाट चढताना गाडी उलट जास्तच तापते.

कूलंट कमी होत असेल तर हाउसिंग, म्हणजे थर्मोस्टॅट बसतो ते कवच, बघा. प्लॅस्टिकचं हाउसिंग वर्षानुवर्षं तापून ठिसूळ होतं आणि पाइपच्या मुळाशी केसाएवढी चीर पडते. सांध्यावर वाळलेला गुलाबी किंवा हिरवा थर दिसला, तर गळती तिथेच. कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरणाऱ्यांच्या गाडीत झडपेवर क्षार बसून ती अडकते, हे वेगळंच.

थर्मोस्टॅट बदलताना इंजिन पूर्ण थंड हवं. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं, तर वाफ तोंडावर येते. दोन-तीन लिटर कूलंट काढा, पाइपची क्लिप मागे सरकवा, बोल्ट खोला. जुनं गॅस्केट (सांध्यातलं सील) प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, ॲल्युमिनियमवर स्क्रूड्रायव्हर नको. स्प्रिंगची बाजू इंजिनकडे, हवा जाण्याची छोटी पिन वर. नवी ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) कूलंटने ओली करून बसवा आणि बोल्ट आलटून-पालटून आवळा. ते बहुधा ८ ते १० न्यूटन-मीटरचेच (आवळण्याच्या जोराचं माप) असतात, पण गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा पाळा. जास्त जोर लावला की नवं हाउसिंगही तडकतं.

कूलंट म्हणून ग्लायकोल आणि डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी निम्मं-निम्मं भरा. हीटर फुल्ल ठेवून इंजिन फॅन लागेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे अडकलेली हवा निघते. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी बघून भर घाला.

नवा थर्मोस्टॅटही आधी तपासता येतो. झडपेच्या फटीत दोरा अडकवून तो पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत ठेवा, तळाला टेकू देऊ नका, आणि गॅस मंद लावा. झडप उघडली की दोऱ्यावरून सुटून तो खाली पडेल. त्या क्षणी थर्मामीटर वाचा.