साडेबारा टक्के योजना

नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या प्रकल्पग्रस्तांना संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड सिडको या शहर वसवणाऱ्या शासकीय महामंडळामार्फत भाडेपट्ट्याने देण्याची महाराष्ट्र शासनाची योजना. शासनाच्या निर्णयाने जमिनीला जे नवे मूल्य येते त्यात मूळ खातेदाराचाही वाटा असतो, हे तत्त्व तिने व्यवहारात आणले.

मार्च १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोकडे तत्कालीन ठाणे व कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतील ९५ गावांच्या परिसरात शहर वसवण्याचे काम आले. संपादन १८९४ च्या भूसंपादन अधिनियमाखाली झाले. त्याच्या कलम ६ खालील जाहीरनामा हाच सार्वजनिक प्रयोजनाचा निर्णायक पुरावा मानला जाई. मोबदला कलम ४ च्या, म्हणजे संपादनाचा इरादा जाहीर करणाऱ्या, अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाने ठरे, आणि ज्या वापरासाठी जमीन घेतली त्या वापरामुळे वाढू शकणारी किंमत हिशेबात धरण्यास कलम २४ ची स्पष्ट मनाई होती. त्यामुळे भातखाचरांची किंमत भातखाचर म्हणूनच झाली आणि त्यांवर सेक्टर आखले गेल्यावरची वाढ सिडकोकडे राहिली. रस्ते, गटारे, रेल्वे यांचा खर्च भूखंडविक्रीतून भागवायचा, हे त्याचे समर्थन होते, आणि ते पोकळ म्हणता येत नाही: येथील उपनगरी रेल्वेच्या खर्चाचा ६७ टक्के भार सिडकोने उचलला.

योजनेचा उगम कोठे मानावा याविषयी दोन मते आहेत. कागदपत्रांवर भर देणारे तो १९९० व १९९४ च्या शासन निर्णयांत पाहतात; गावोगाव मात्र तो शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील जानेवारी १९८४ च्या आंदोलनाशी जोडला जातो, ज्यात उरण तालुक्यात पोलीस गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण पूर्वीच संपादन होऊन मोबदला चुकता झालेल्या जमिनींनाही योजना लागू झाली. मिटलेले हिशेब शासन सहसा आपणहून उघडत नाही.

प्रत्यक्षात सार्वजनिक सुविधांसाठी ३.७५ टक्के वजा होऊन ८.७५ टक्के क्षेत्र हाती येते. एक हेक्टर गेलेल्या घणसोलीच्या खातेदाराला कागदोपत्री १,२५० चौ. मी. दिसतात, मिळतात ८७५. त्यावर दीड चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या दीडपट बांधकामाची मुभा) धरून सुमारे १,३१२ चौ. मी. बांधकाम होऊ शकते. हे मोजमाप संपादित क्षेत्रावर बेतलेले आहे.

पुढे नवी मुंबई विमानतळाच्या प्रकल्पग्रस्तांसाठी हा वाटा साडेबावीस टक्के करण्यात आला.