बी.एड.च्या वर्गात अर्थशास्त्राचा माणूस का सापडत नाही?

पदवी आणि बी.एड. एकत्र देणाऱ्या चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड.मुळे, म्हणजे ‘आयटेप’मुळे, एक जुना प्रश्न पुन्हा वर आला आहे. उद्या कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणार असलेल्या विद्यार्थ्याला घडवणारा प्राध्यापक कोणत्या पात्रतेचा असावा? एम.ए. अर्थशास्त्र की एम.एड., म्हणजे शिक्षणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी? नियमांनी ‘दोन्ही’ असं उत्तर कधीच देऊन ठेवलंय. गोची वेगळ्याच जागी आहे.

मुळात हे दोन प्रवाह कधी एकत्र वाढलेच नाहीत. मुंबईत माध्यमिक शिक्षकांसाठीचं सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज १९०६ चं. त्याच शहरात सिडनहॅम कॉलेज १९१३ मध्ये निघालं आणि १९१८ पासून काही काळ तिथे डॉ. आंबेडकर अर्थशास्त्र शिकवत होते. पुण्यात १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली, धनंजयराव गाडगीळांनी तिला नाव मिळवून दिलं. मुंबई विद्यापीठाने १९३६ मध्ये एम.एड. सुरू केलं, ते देशातलं पहिलं मानलं जातं. म्हणजे माणसंही होती, संस्थाही होत्या. पण अर्थशास्त्राचा विभाग आणि ट्रेनिंग कॉलेज यांचा एकमेकांच्या दारात येण्याचा प्रसंग क्वचितच आला. अध्यापक महाविद्यालयात विषय पदवीला शिकून झालेला आहे असं गृहीत धरायचं आणि फक्त ‘मेथड’, म्हणजे तो विषय शिकवण्याची पद्धत, शिकवायची, हीच वहिवाट पडली.

शाळेत तरी अर्थशास्त्राला स्वतंत्र घर कुठे होतं? दहावीला ते ‘भूगोल व अर्थशास्त्र’ असं जोडनावाने यायचं आणि साहजिकच भूगोलाचे सर किंवा बाई ते उरकायच्या. २०१८ च्या नव्या पुस्तकात तेही नाव गेलं. भारत आणि ब्राझीलच्या तुलनेत अर्थव्यवस्था हा एक पाठ म्हणून उरला. विषय खऱ्या अर्थाने सुरू होतो तो अकरावीत. तिथे शिक्षकाला एम.ए. आणि बी.एड. लागतं. म्हणून बी.एड.ला अर्थशास्त्राची मेथड घेणारे विद्यार्थी सापडतात, आणि म्हणूनच त्यांना शिकवणारा कोण हा मुद्दा महत्त्वाचा.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, म्हणजे एनसीटीई, १९७३ मध्ये आली ती नुसती सल्लागार म्हणून. तिला दात आले १९९३ च्या कायद्याने. पुढच्या दीड दशकात महाविद्यालयांचं पेव फुटलं. महाराष्ट्रातल्या २९१ डी.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातून न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. त्याच्या २०१२ च्या अहवालानंतर २०१४ चे निकष आले, बी.एड. दोन वर्षांचं झालं, एम.एड.ही.

फट आहे ती याच निकषांत. वर्षाला शंभर विद्यार्थ्यांच्या प्रवेशामागे सोळा प्राध्यापक, त्यांतले आठ विषयांच्या अध्यापनशास्त्रासाठी: गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र, भाषा. पात्रता, संबंधित शाखेतली पदव्युत्तर पदवी आणि एम.एड., दोन्हींत किमान ५५ टक्के. ‘सामाजिक शास्त्र’ या शब्दात इतिहास आला, भूगोल आला, अर्थशास्त्रही आलं. त्यामुळे इतिहासात एम.ए. असलेल्या प्राध्यापकाची नेमणूक नियमात चोख बसते, आणि अर्थशास्त्राची मेथड वेळापत्रकात त्याच्याच नावापुढे लागते.

याचा परिणाम सराव पाठात दिसतो. छात्राध्यापक मागणीचा नियम घेतो. पाठ टाचण नीटनेटकं, प्रस्तावना, हेतुकथन, फलकलेखन सगळं जागच्या जागी. उत्पन्न वाढल्यामुळे मागणी वाढली हे सांगताना तो त्याच वक्रावर बिंदू खाली सरकवतो. इथेच चूक होते. वक्रावर खाली सरकणं हा झाला विस्तार. तो किमतीतल्या बदलाने होतो. उत्पन्नामुळे होते ती वृद्धी, आणि तिथे अख्खा वक्र उजवीकडे सरकतो. बारावीला हमखास विचारला जाणारा भेद. निरीक्षकाच्या शेऱ्यात मात्र ‘आवाज स्पष्ट, अक्षर सुवाच्य’ एवढंच. त्यांना दोष देऊन काय उपयोग? तो वक्र त्यांनी स्वतः शेवटचा कधी काढला असेल?

बरं, अर्थशास्त्राची पक्की माणसं इकडे का येत नाहीत? वरिष्ठ महाविद्यालयात एम.ए. आणि नेट किंवा सेट, म्हणजे प्राध्यापकपदाची राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षा, एवढं पुरतं. नेट १९८९ पासून आहे, आणि २०२३ च्या दुरुस्तीने विद्यापीठ विभागांतली पीएच.डी.ची अटही काढली. बी.एड. महाविद्यालयात यायचं तर एम.ए.नंतर दोन वर्षं बी.एड., दोन वर्षं एम.एड., शिवाय नेट-सेट, तीही बहुतेक जण शिक्षणशास्त्रातून देतात. एवढं करून नशिबी बहुधा विनाअनुदानित संस्था आणि तासिका तत्त्व, म्हणजे तासांप्रमाणे मानधन. हिशेब अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तरी कळतोच.

एकात्मिक अभ्यासक्रम हा प्रयोग तसा नवा नाही. एनसीईआरटीच्या, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या, प्रादेशिक महाविद्यालयांत (अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर, म्हैसूर) तो १९६३ पासून झाला, पण बेटासारखाच राहिला. आता २०२३-२४ मध्ये ५७ संस्थांत ‘आयटेप’ची प्रायोगिक सुरुवात झाली, आणि २०३० पर्यंत शिक्षकांसाठी हीच किमान पात्रता करावी असं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं. यात विषयाचे पेपर अर्थशास्त्राच्या विभागाकडे आणि अध्यापनाचे शिक्षणशास्त्राकडे जातील, हे सोयीचं आहे. पण सराव पाठाला वर्गात मागच्या बाकावर बसायला दोन्ही विभागांतला एकेक जण जाणार का, हे त्या त्या महाविद्यालयाच्या वेळापत्रकावर ठरेल.