पिंग लागतं, मग मेल का अडते?

लातूर-नांदेडकडे सर्व्हर सांभाळणाऱ्यांत एक समज मुरलेला आहे: मेल जात नसेल तर होस्ट्स फाइलमध्ये (त्याच मशीनवरची नाव-पत्त्यांची यादी) नाव-पत्ता लिहा, पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का ते बघणारी कमांड) लागलं की काम झालं. तसं नाही. पिंग नावाचा पत्ता एनएसस्विचच्या (नाव कुठे-कुठे, कोणत्या क्रमाने शोधायचं ते ठरवणारी फाइल) क्रमाने शोधतं, म्हणून त्याला बहुधा ती फाइल आधी दिसते. मेल पाठवणारा प्रोग्रॅम पोस्टफिक्स मात्र मूळ सेटिंगमध्ये थेट डीएनएसलाच (नावांचे पत्ते सांगणारी नेटवर्कवरची सेवा) विचारतं: आधी एमएक्स नोंद (त्या डोमेनची मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायची), ती नसेल तर ए नोंद (नावाचा आयपी पत्ता). होस्ट्स फाइल ते उघडतही नाही! म्हणून तपासायचं ते थेट डीएनएसला विचारणाऱ्या 'डिग' कमांडने. 'गेटएंट' कमांड एनएसस्विचनेच शोधते, म्हणून पिंगसारखंच उत्तर देईल. शिवाय पोस्टफिक्स क्रूटमध्ये (chroot, म्हणजे बाहेरच्या फाइली न दिसणाऱ्या बंदिस्त फोल्डरमध्ये) चालत असेल, तर ते रिझॉल्व्ह फाइलची (resolv.conf, कोणत्या डीएनएस सर्व्हरला विचारायचं ते सांगणारी) आतली प्रत वाचतं. बाहेरची बदलली, आतली जुनीच राहिली, आणि त्यापायी रात्र-रात्र जागलेली पोरं मी पाहिलीत. आधी ती प्रत बघा, मग पोस्टफिक्स रीस्टार्ट करा.