मात-कूट (बुद्धिबळ)

मात-कूट : बुद्धिबळाच्या पटावर मुद्दाम मांडलेली आणि ठरावीक चालींत मात घडवण्याची अट घातलेली स्थिती. 'पांढऱ्याने खेळून दोन चालींत मात' हा तिचा सर्वांत परिचित साचा. डावात कोण जिंकेल हा प्रश्न असतो. कुटात ते आधीच ठरलेले असते आणि पुष्कळदा पांढऱ्याकडे एवढे बळ असते की नवशिक्याही दहा-बारा चालींत डाव जिंकेल. प्रश्न असतो तो नेमक्या तेवढ्याच चालींत आणि नेमक्या एकाच मार्गाने. ही अट वाकवून, उलटी करून किंवा तिच्यात नवे नियम मिसळून चमत्कारिक कूटे रचण्याची स्वतंत्र परंपरा आहे. प्रस्तुत नोंद मुख्यतः तिच्याविषयी आहे.

मात शोधणे रचनाकाराला फारसे अवघड नसते. दोन हत्ती आणि एक वजीर हाताशी असले की मात कुठेही सापडते. खरे कष्ट पडतात ते बाकीच्या सगळ्या वाटा बुजवण्यात. म्हणून रचना बहुधा शेवटापासून सुरू होते. आधी मातेचे चित्र मांडायचे, मग एकेक चाल मागे जायचे आणि प्रत्येक पायरीला 'दुसरे काही चालते का' हे तपासायचे. कळीची पहिली चाल एकच हवी. दुसऱ्या एखाद्या चालीनेही मात होत असेल तर कूट बाद होते. या दोषाला रचनाकारांच्या बोलीत कूक म्हणतात. तो दूर करण्यासाठी कोपऱ्यात एखादे प्यादे ठेवावे, तर ते प्यादेच नवा दोष घेऊन येते. पटावरच्या प्रत्येक सोंगटीला काम हवे, हा काटकसरीचा दंडक त्यावर आहेच. पहिलीच चाल शह देणारी किंवा मोहरा मारणारी असेल तर ती ढोबळ समजली जाते, कारण सोडवणारा आधी तीच करून पाहतो. आदर्श मातेचा निकष आणखी कडक आहे. राजाभोवतीचे प्रत्येक घर एकाच कारणाने बंद असावे, म्हणजे एकतर त्यावर एकाच मोहऱ्याचा मारा असावा किंवा तिथे एखादी सोंगटी बसलेली असावी, दोन्ही नकोत.

दिलाराम आणि प्यादेमात

अरबी शतरंजात अशा स्थितींना मन्सूबा म्हणत. नवव्या शतकातला अल-अदली आणि दहाव्या शतकातला अस-सूली या शतरंजपटूंची नावे या संदर्भात नेहमी येतात. सर्वांत गाजलेला मन्सूबा दिलारामचा. पैजेत सर्वस्व हरलेला उमराव शेवटी बायकोला, दिलारामलाच, पणाला लावतो, डावही हातचा जाऊ लागतो. तेव्हा ती पडद्याआडून सुचवते की दोन्ही हत्ती द्या, पण दिलारामला देऊ नका. कथा दंतकथाच आहे, पण स्थिती खरी आहे. दोन्ही हत्ती बळी देऊन अखेर घोड्याने मात होते. तिचा उलगडा आजच्या नियमांनी जुळत नाही, कारण शतरंजातला उंट तिरपा कितीही न धावता दोन घरांची उडी घेत असे आणि मधल्या सोंगटीची त्याला अडचण नसे. या मोहऱ्याला अरबीत नाव होते 'अल-फील', म्हणजे हत्ती. मराठी पटावर त्याच जागी उंट आला आणि हत्ती कोपऱ्यात गेला.

मात कोणत्या मोहऱ्याने दिली यालाही आपल्याकडे किंमत होती. प्याद्याने दिलेल्या मातेला मराठीत 'प्यादेमात' असा खास शब्द आहे आणि देशी खेळात ती मानाची समजली जाई. केवळ जिंकण्यापेक्षा देखण्या रीतीने जिंकण्याचा हा हव्यास कूटरचनेच्या मुळाशी आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर १८१४ मध्ये मुंबईत छापले गेले. त्यातही मुख्य भर रचलेल्या स्थितींवरच आहे.

भारतीय कूट

आधुनिक कूटशास्त्राला वळण देणारी एक रचना दिल्लीहून निघाली. १८४५ मध्ये लंडनच्या 'चेस प्लेअर्स क्रॉनिकल' या नियतकालिकात 'शागीर्द' या टोपणनावाने चार चालींचे एक कूट प्रसिद्ध झाले. पाठवणारा होता हेन्री ऑगस्टस लव्हडे हा पाद्री. सोडवणारे चक्रावले, कारण उत्तर उफराटे होते. काळ्याजवळ चाली इतक्या थोड्या की पांढऱ्याने नुसता दाब वाढवला तर शह नसताना चालच उरत नाही. कोंडी होते आणि डाव बरोबरीत सुटतो. म्हणून पांढरा स्वतःचाच दाब काढून घेतो. त्याचा उंट डी२ हे घर ओलांडून पार सी१ पर्यंत मागे जातो (पटाच्या उभ्या ओळींना ए ते एच ही अक्षरे आणि आडव्या ओळींना १ ते ८ हे आकडे देऊन घरे ओळखतात). मग हत्ती डी२ वर येऊन त्याच उंटाची वाट अडवतो. श्वास मिळालेला काळा राजा एफ४ वर येतो आणि हत्ती डी४ वर सरकताच हत्तीचा आणि मागून उघडलेल्या उंटाचा असा दुहेरी शह बसून मात होते. आधी लांबचा मोहरा छेदघराच्या, म्हणजे दोन मोहऱ्यांच्या वाटा जिथे छेदतात त्या घराच्या, पलीकडे न्यायचा, मग मध्ये पडदा टाकायचा, मग पडदा ओढायचा, या कल्पनेला जगभर 'इंडियन थीम' म्हणतात. लव्हडे इंग्रज होता, पण नाव राहिले ते भारताचे.

लॉइडची पैज

अमेरिकन सॅम लॉइड हा चमत्कारिक कुटांचा सर्वांत खोडकर रचनाकार. त्याचा एक मित्र फुशारकी मारत असे की कोणतेही कूट दाखवा, मुख्य उत्तरात मात कोणता मोहरा देणार ते मी सांगतो. लॉइडने उलट पैज लावली : मात कोणता मोहरा देणार नाही तेवढे सांग. मित्राने बी२ वरच्या न हललेल्या प्याद्याकडे बोट दाखवले. तेच प्यादे पहिल्या चालीला बी४ वर जाते, मग हत्ती मारून सी५, मग सी६, पुन्हा मारून बी७ आणि पाचव्या चालीला ए८ वरचा घोडा मारून वजीर होते व मात देते. 'एक्सेल्सिअर' नावाने प्रसिद्ध असलेल्या या कुटाला आता दीडशेहून अधिक वर्षे झाली. सर्वांत अशक्य वाटणाऱ्या मोहऱ्याने मात, असे त्याखाली लिहिलेले होते. याला प्यादेमात म्हणायचे की वजिराची मात, यावर आपल्या कट्ट्यावर वाद रंगला असता.

उलटी अट : स्वमात आणि साहाय्यमात

स्वमातेत पांढऱ्याला स्वतःवरच मात ओढवून घ्यायची असते आणि काळा ती देण्याचे शक्य तितके टाळतो. म्हणजे पांढऱ्याने काळ्याला अशा ठिकाणी आणायचे की त्याच्यापुढे मात देणारी एकच कायदेशीर चाल उरेल. जिंकण्याची सवय झालेल्या खेळाडूला हे कूट सोडवताना शारीरिक त्रास होतो असे म्हटले तरी चालेल.

साहाय्यमातेत भांडणच नाही. दोन्ही पक्ष मिळून काळ्या राजावर मात घडवतात. मॅक्स लांगे याने १८५४ मध्ये जर्मनीत ही कल्पना मांडली. काळ्याने आधी खेळायचे ही आज रूढ असलेली पद्धत लॉइडच्या १८६० च्या तीन चालींच्या कुटापासून आली. त्या कुटाचे उत्तर असे : काळा राजा एफ६, जी७, एच८ असा कोपऱ्यात चालत जातो, मधल्या चालींत पांढरा हत्ती ए८ वर आणि उंट बी८ वर जातो. उंट हत्तीच्या पुढ्यात बसून त्याची वाट अडवतो, म्हणूनच राजाला एच८ वर पाऊल टाकता येते. मग उंट ई५ वर येतो, दोन्ही वाटा एकदम उघडतात आणि मात. मघाचा दिल्लीचा पडदा इथे राजाला बोलावण्यासाठी वापरला आहे. भांडण नसल्याने साहाय्यमात सोपी वाटते, पण रचनाकाराला ती जास्त छळते. विरोधक सामील असल्यावर मात हजार मार्गांनी होऊ शकते आणि त्यांतले नऊशे नव्व्याण्णव बंद करायचे असतात. चालींचा क्रमसुद्धा एकच असावा लागतो.

भूतकाळ शोधणारी कूटे

काही कुटांत पुढे काय होईल यापेक्षा मागे काय झाले हे महत्त्वाचे असते. समजा, काळ्याकडे ई८ वर राजा, ए८ वर हत्ती आणि बाकी सगळी प्यादी मूळ ओळीत आहेत, चाल पांढऱ्याची. किल्लेकोट (तोवर न हललेल्या राजा व हत्ती यांची एकत्र चाल) करून काळा मात चुकवू शकेल असे दिसते. पण काळ्याने आत्ताच एक चाल केलेली असणार आणि ती प्याद्याची असूच शकत नाही, कारण एकही प्यादे हललेले नाही. म्हणजे राजा तरी हलला आहे किंवा हत्ती तरी. किल्लेकोटाचा हक्क गेला आणि मात उभी राहिली. सोडवणारा इथे खेळाडू कमी, पंचनामा करणारा हवालदार जास्त असतो. रचनाकारांचा संकेत असा आहे की उलट सिद्ध होत नाही तोवर किल्लेकोट चालतो असे धरायचे. जाता जाता प्यादे मारण्याची एन पासाँ चाल मात्र, आधीची चाल दोन घरांचीच होती हे सिद्ध झाल्याशिवाय करता येत नाही. तर्कशास्त्रज्ञ रेमंड स्मलियन यांनी हा प्रकार सामान्य वाचकांत लोकप्रिय केला.

नियमांच्या शब्दांवर डोळा ठेवून केलेले विनोदही याच घरातले. डच लेखक टिम क्राबे याने १९७२ मध्ये अशी गंमत केली : ई८ वर प्याद्याचा हत्ती झाला. हा हत्ती जन्मापासून हललेला नाही, ई१ वरचा राजाही हललेला नाही, मग उभा किल्लेकोट का नको? आजच्या नियमांत हत्ती राजाच्याच आडव्या ओळीत हवा असे स्पष्ट लिहिलेले असल्याने ही वाट बंद आहे.

परीबुद्धिबळ

इंग्लंडमधला टी. आर. डॉसन (१८८९–१९५१) पोटासाठी रबर उद्योगात होता. त्याची कीर्ती मात्र नवे मोहरे आणि नवे नियम रचण्यावर, म्हणजेच परीबुद्धिबळावर, उभी आहे. १९१३ मध्ये त्याने नाकतोडा आणला. हा मोहरा वजिराच्या रेषांवर चालतो, पण वाटेत एक सोंगटी असावीच लागते. तिच्यावरून उडी मारून तो लगेच पलीकडच्या घरात उतरतो. साध्या खेळात शह आला की मध्ये मोहरा घालतात. नाकतोड्याच्या शहात मधला मोहरा बाजूला काढला की शह संपतो. संरक्षणाची सगळी सवय इथे उलटी होते. त्याच वर्षीचा त्याचा दुसरा नियम असा : काळ्याने दर वेळी उपलब्ध चालींतली अंतराने सर्वांत लांब चालच करायची. मग पांढरा काळ्याला दोरी बांधल्यासारखा नाचवतो आणि प्रचंड फौज असूनही काळा लाचार होतो.

पुढे १९६८ मध्ये फ्रान्समध्ये सर्सी हा नियम आला. त्यात मारलेला मोहरा मरत नाही, आपल्या मूळ घरात पुन्हा जन्म घेतो. १९७९ मध्ये अब्दुल जब्बार करवतकर या भारतीय रचनाकाराने 'मद्रासी' नियम काढला. एकाच जातीचे विरुद्ध रंगाचे दोन मोहरे एकमेकांच्या माऱ्यात आले की दोघेही लुळे पडतात. हत्तीने शह दिला? आपला हत्ती त्याच्या समोर आणा, मध्ये नसला तरी चालेल; शह विरला. मद्रासी हे नाव आज जगभरच्या कूटस्पर्धांत सहज वापरले जाते.

नवा नियम शोधणे सोपे असते; त्या नियमावाचून अशक्य असलेली मात दाखवणे कठीण. नुसते विचित्र मोहरे पसरून साधी मात लपवलेल्या रचना पुष्कळ होतात आणि त्या विसरल्या जातात.

बॅब्सनचे काम

साध्या नियमांतच राहून चमत्कार करण्याचे टोक म्हणजे अमेरिकन जोसेफ नी बॅब्सन याच्या नावाने ओळखले जाणारे आव्हान. काळ्याने प्याद्याचा वजीर केला तर पांढऱ्यालाही वजीरच करावा लागावा. हत्ती केला तर हत्तीच, उंटाला उंट, घोड्याला घोडा. कमकुवत मोहरा करण्यात काळ्याचा डाव असा की पांढऱ्याने हावरेपणाने वजीर केला तर कोंडी व्हावी. स्वमातेत हे १९२०च्या दशकात हेन्री बेटमन याने साधले. सरळ मातेत मात्र कोणालाच जमेना. फ्रेंच रचनाकार पिएर द्रुमार याने सुमारे वीस वर्षे यात घातली आणि अखेर हात टेकले. त्यानंतर थोड्याच काळात, १९८३ मध्ये, कझानच्या लिओनिद यारोश या फुटबॉल प्रशिक्षकाने चार चालींच्या मातेत ते करून दाखवले. कूटरचनेच्या जगात त्याचे नाव तोवर फारसे कोणी ऐकलेही नव्हते.

लांबीचाही एक सोस आहे. रोहित्राच्या संशोधकांपैकी एक असलेला हंगेरियन अभियंता ओटो ब्लाथी दोनशेहून अधिक चालींच्या मातेची कूटे रचत असे. त्यांत बहुतेक चाली त्याच त्या फेऱ्यांच्या असतात. थक्क व्हायला होते, आनंद होईलच असे नाही.

संघटन आणि संगणक

रचना व उकल यांचे संकेत १९५८ मध्ये युगोस्लाव्हियातील पिरान येथे संहितेच्या रूपात लिहिले गेले. रचनेसाठी ग्रँडमास्टर हा किताब १९७२ पासून दिला जातो. पहिल्या चौघांत गेन्रिख कास्पारियान, लेव लोशिन्स्की, कॉमिन्स मॅन्सफील्ड आणि एल्टये व्हिसरमन होते. उकलण्याची सांघिक जागतिक स्पर्धा १९७७ पासून होते.

पूर्वी एखादा कूक छापून आल्यावर वाचकांच्या पत्रांतून उघड होई आणि रचनाकाराची शोभा होई. आता 'पॉपाय'सारखी संगणक-प्रणाली परीबुद्धिबळाचे नियमही समजून घेऊन सगळ्या वाटा तपासते. त्यामुळे जुन्या संग्रहांतली कित्येक नावाजलेली कूटे सदोष ठरली. काहींना एक प्यादे सरकवून वाचवता आले, काहींना नाही.