जूक

जूक : भरपूर पाण्यात तांदूळ फुटून विरेपर्यंत शिजवून केलेला दक्षिण चीनमधील दाट, खारा पदार्थ. ‘जूक’ हा कँटोनीज उच्चार, मँडरिनमध्ये ‘चोऊ’. त्याचे चिनी अक्षरच बोलके आहे : मधोमध तांदळाचे चिन्ह आणि दोन्ही अंगांना वाफेसारख्या नागमोडी रेघा. इंग्रजांनी रूढ केलेले ‘काँजी’ हे नाव मात्र चिनी नव्हे. ते तमिळ ‘कंजी’वरून पोर्तुगिजांमार्फत गेले. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांच्या गोव्यात १५६३ साली छापलेल्या ग्रंथात मिरे-जिरे घालून रुग्णाला पाजायच्या तांदळाच्या ‘कांजे’चा उल्लेख येतो.

मराठी वाचकाला जूक म्हणजे पेजच वाटेल, पण फरक मुळातला आहे. कोकणातल्या उकड्या तांदळाच्या पेजेत शिते अख्खी राहतात आणि निवळ वेगळी दिसते. जूकमध्ये शीत शोधूनही सापडता कामा नये. पोताने तो गुरगुट्या भाताचा पातळ भाऊ म्हणावा असा आहे.

घरी करताना एक वाटी तांदळाला दहा ते बारा वाट्या पाणी घ्यावे. कँटनकडे लांब दाण्याचा सुवासिक तांदूळ वापरतात. आपल्याकडचा इंद्रायणी किंवा आंबेमोहोर उत्तम. जुना बासमती मोकळा राहतो, तो येथे निरुपयोगी. धुतलेल्या तांदळाला चमचाभर तेल आणि चिमूटभर मीठ चोळून अर्धा तास ठेवावे. मग आधणाला खळखळून उकळी आली की तांदूळ वैरावेत. कोंबडीची हाडासकट तंगडी आणि ठेचलेले आले त्यातच टाकावे. पहिली दहा मिनिटे पळी हलती ठेवावी, कारण तांदूळ बुडाला लागतो तो याच वेळी, आणि करपट वास नंतर कशानेही जात नाही. पुढे आच मंद, झाकण तिरके, आणि तासभर धीर. तंगडी शिजली की काढून तिचे मांस सोडवून ठेवावे व शेवटी परत घालावे. उतरवण्याआधी काही मिनिटे पळीने जोरात घोटावे. सुटलेल्या पिठुळपणाने रस एकजीव होतो. घाई असेल तर धुतलेले ओले तांदूळ रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावेत. दाण्यात शिरलेले पाणी गोठून फुगते, दाणा आतून तडकतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत फुटतो.

पळी उचलून ओतून पाहावी : पाणी आधी आणि तांदूळ मागून पडला, तर अजून शिजायचे आहे. अठराव्या शतकातील कवी व खवय्या युआन मेई यांची कसोटीही हीच होती. नुसते पाणी दिसले तर तो चोऊ नव्हे, नुसता तांदूळ दिसला तरी नव्हे. खाणाऱ्याने चोऊची वाट पाहावी, चोऊने खाणाऱ्याची नव्हे, असेही ते बजावतात. आणि ते खरेच आहे, कारण ठेवलेला जूक पाहता पाहता आळतो. आळल्यास उकळते पाणी घालावे, गार नव्हे.

माशाचा जूक सर्वांत देखणा. ताज्या माशाचे कागदासारखे पातळ काप वाडग्याच्या तळाशी मांडून त्यावर उकळता जूक ओततात. पारदर्शक काप डोळ्यांदेखत पांढरे होतात, कडा किंचित वळतात. तेवढेच त्यांचे शिजणे. काप जाड राहिले तर मासा कच्चा राहतो. वरून आल्याच्या बारीक काड्या, पातीचा कांदा, पांढऱ्या मिऱ्यांची पूड आणि तिळाच्या तेलाचे दोन थेंब. सोबत यूत्याओ, म्हणजे तळलेल्या पिठाच्या लांब कांड्या, जूकमध्ये बुडवून खातात.

डुकराचे बिनचरबीचे मांस आणि ‘पिदान’ घातलेला जूक हाँगकाँगमध्ये विशेष लोकप्रिय आहे. पिदान म्हणजे चुना, राख व मिठात मुरवलेले बदकाचे अंडे. पांढरा भाग गडद तपकिरी जेलीसारखा होतो, बलक हिरवट काळा.

चीनमध्ये सगळीकडे असाच चोऊ नसतो. उत्तरेत तो बहुधा बाजरीवर्गातील बारीक, पिवळ्या धान्याचा व अळणी असतो आणि खारवलेल्या भाज्यांबरोबर खातात. चाओचौ भागात तर दाणे अख्खे ठेवतात. कोकणी माणसाला तिथला वाडगा ओळखीचा वाटेल.