ओलीस सुटकेची रंगीत तालीम: जमिनीवरच्या पथकांचे नियम कसे घडत गेले

मार्च 2008 मध्ये आग्र्यात एक आगळी स्पर्धा भरली. दूरच्या एका इमारतीत माणसे ओलीस धरली आहेत, भोवती पहारा फिरतो आहे, आणि तळहाताएवढी किंवा त्याहून थोडी मोठी उडती यंत्रे व जमिनीवर धावणारे रोबो यांच्या मदतीने त्या इमारतीपर्यंत पोहोचायचे, असा तिचा बनाव होता. बंगळुरूची नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज, पॅराशूटवर काम करणारी डीआरडीओची आग्र्यातील संस्था एडीआरडीई आणि अमेरिकी लष्कर यांचा हा उपक्रम. त्याचे लांबलचक इंग्रजी नाव बाजूला पडून ‘एमएव्ही 08’ हेच रूढ झाले (एमएव्ही म्हणजे छोटे उडते यंत्र). या स्पर्धेने आकाशातल्या आणि जमिनीवरच्या यंत्रांना एकाच मोहिमेत बांधले. त्यामुळे जमिनीवरच्या पथकांना लागू होणारे नियमही बदलले. ते नियम कुठून आले हे समजायला थोडे मागे जावे लागते.

ओलिसांच्या सुटकेत बंदुकीआधी माहिती लागते. 1976 मध्ये युगांडातील एंटेबी विमानतळावर इस्रायली कमांडो उतरले, तेव्हा ओलीस कोणत्या इमारतीत आहेत आणि आतली रचना कशी आहे हे त्यांना आधीच कळले होते. आधी सोडून दिलेल्या प्रवाशांकडून पहाऱ्याची माहिती मिळाली होती. उलट 1980 च्या एप्रिलमध्ये तेहरानच्या दूतावासातील ओलिसांसाठी निघालेली अमेरिकी मोहीम इराणच्या वाळवंटातच संपली. धुळीची वादळे, नादुरुस्त हेलिकॉप्टर आणि परतीच्या वेळी झालेली टक्कर यांत आठ सैनिक गेले. माणसाला इतक्या आत पाठवण्याआधी एखादे यंत्र पाठवता आले तर, हा प्रश्न त्यानंतरही लष्करी संशोधनात राहिला.

स्पर्धांच्या जगात तो प्रश्न ठळकपणे आला तो इंटरनॅशनल एरियल रोबोटिक्स कॉम्पिटिशनमध्ये. रॉबर्ट मायकेलसन यांनी 1991 मध्ये जॉर्जिया टेकच्या आवारात ही स्पर्धा सुरू केली. पहिले काम साधे वाटावे असे होते: धातूची चकती मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायची. अट मात्र कडक होती. यंत्राने सगळे स्वतः करायचे. धोका दिसला तरच माणसाने ताबा घ्यायचा. एवढ्या कामाला 1995 साल उजाडले. पुढे चौथ्या मोहिमेत ओलिसांचे कथानक आले. समुद्रात उभ्या पाणबुडीतून यंत्र निघते, 3 किलोमीटर उडून शहर गाठते, दूतावास ओळखते, खिडकी किंवा दार शोधून आत शिरते किंवा आत एक छोटे यंत्र सोडते आणि ओलिसांची छायाचित्रे परत पाठवते. हे सारे 15 मिनिटांच्या आत! अमेरिकेतील फोर्ट बेनिंग येथील लष्करी सरावाच्या गावात याच्या फेऱ्या झाल्या. 2008 पर्यंत सुटे सुटे टप्पे पार पडले होते, पण सलग 15 मिनिटांत कुणालाच जमले नव्हते. तरीही उरलेले केवळ काळाचे काम आहे असे मानून परीक्षकांनी ती मोहीम बंद केली. या साऱ्यात जमिनीवरचे पथक म्हणजे संगणकासमोर बसलेली आणि हात लावायची मुभा नसलेली माणसे, एवढाच अर्थ होता.

जमिनीवर चालणाऱ्या यंत्रांचे नियम वेगळ्या दुःखातून आले. जानेवारी 1995 मध्ये जपानच्या कोबे शहरात भूकंप झाला आणि 6,000 हून अधिक माणसे गेली. त्यातून रोबोकप रेस्क्यू ही स्पर्धा उभी राहिली. अमेरिकेत मोजमापांची मानके ठरवणाऱ्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने तिच्यासाठी पिवळा, केशरी आणि लाल असे चढत्या अवघडपणाचे आखाडे बांधले. चालकाला आखाडा थेट दिसू द्यायचा नाही, कॅमेऱ्यातून जे दिसेल त्यावरच रोबो चालवायचा, ही तिथली मूळ अट. सुरुवातीच्या वर्षांत आणखी एक बोचरा नियम होता. चालकांच्या संख्येत एक मिळवून त्याचा घन करायचा आणि त्याने गुणांना भागायचे. एक चालक असेल तर 8 ने, दोन असतील तर 27 ने. ढिगाऱ्यापाशी माणसे कमी आणि काम अफाट असते, हे वास्तव त्या एका भागाकारात उतरले होते. या सगळ्या प्रवासातला मला सर्वांत प्रामाणिक वाटणारा नियम हाच.

आग्र्यात हे दोन प्रवाह एकत्र आले. जमिनीवरच्या वाहनाने नुसते पोहोचून भागत नव्हते, पहाऱ्याच्या नजरेस न पडता पोहोचायचे होते. या एका अटीने गणित पालटते. जवळची वाट चांगली असेलच असे नाही. आडोशाला थांबून राहणे हीसुद्धा चाल ठरते. पहारेकरी हलता असतो, म्हणून आत्ताची सुरक्षित जागा थोड्याच वेळात धोक्याची होते. जमिनीलगतच्या रोबोला मात्र झुडपापलीकडचे दिसत नाही. पहारा कुठे आहे हे वरून उडणारे यंत्र सांगणार, म्हणून त्याच्या चित्रातून काढलेली जागा चुकली तर खालचे वाहन थेट पहाऱ्यासमोर जाणार. अमेरिकेचे एमआयटी विद्यापीठ आणि जर्मनीची असेंडिंग टेक्नॉलॉजीज ही कंपनी यांच्या संयुक्त पथकाने वरून हलत्या पहाऱ्याचा माग काढायचा आणि त्यावरून खालच्या वाहनांची वाट आखायची, अशी पद्धत बांधली. मोहिमेतील उत्तम कामगिरीचे पारितोषिक त्यांना मिळाले.

त्यानंतर आठ महिन्यांनी मुंबईत 26 नोव्हेंबरचा हल्ला झाला. ताज, ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरिमन हाऊसमध्ये खरे ओलीस होते. मानेसरहून आलेल्या एनएसजीच्या कमांडोंना अनोळखी इमारतींत खोली खोली तपासत जावे लागले. नरिमन हाऊसच्या गच्चीवर ते हेलिकॉप्टरमधून दोराने उतरले, तेव्हा ते दृश्य दूरचित्रवाणीवर थेट दिसत होते. नजरेस न पडण्याची अट किती मोलाची आहे, हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको.

जमिनीवरच्या पथकांचे नियम पूर्ण वाढीला आले ते नोव्हेंबर 2010 मध्ये, ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे झालेल्या ‘मॅजिक’ स्पर्धेत. तिथे रोबोंचा ताफा होता आणि त्याला सांभाळायला दोनच माणसे. त्यांनी जितका जास्त हस्तक्षेप करावा, तितके गुणांचे नुकसान. लाल कपड्यांतले शत्रू आणि निळ्या कपड्यांतले सामान्य नागरिक एकाच परिसरात वावरत होते, म्हणून ओळख चुकणे महागात पडणार होते. 14 रोबो उतरवणाऱ्या मिशिगनच्या पथकाने 7,50,000 डॉलरचे पहिले बक्षीस घेतले.

आपल्याकडे याच काळात पुण्याच्या आर अँड डीई (इंजिनिअर्स) या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने बॉम्ब निकामी करणारा ‘दक्ष’ हा रोबो घडवला. डिसेंबर 2011 मध्ये त्याचे पहिले पाच नग लष्कराच्या हाती आले. तो दूरनियंत्रणावर चालतो. पायऱ्या चढतो, संशयित वस्तू उचलतो, पण कधी पुढे जायचे आणि कधी थांबायचे हा निर्णय चालकाचाच असतो.